सात खिळे

रविवारी सकाळी दादांनी छपाईच्या मशीनचं चाक थांबवलं आणि आत्याने रॉकेलची वाटी जवळ ओढली, तेव्हा घरात सगळ्यांना कळलं की खिळे आज पडणार. कोणी कोणाला आधी सांगायची पद्धतच नव्हती. थोरली सून चहाचं आधण ठेवायला उठली, धाकट्या मुलाने कागद कापायच्या यंत्रावर कापड टाकलं, आणि एरवी रविवारी ऑर्डरी गोळा करायच्या नावाखाली गावभर हिंडणारा थोरला इस्त्रीचा शर्ट घालून दहा वाजता हजर झाला.

आत्या, दादांची धाकटी बहीण, चौदा खिळे धुऊन फडक्यावर वाळत घालत होती. सात जाड, सात बारीक. छपाईच्या शिशाच्या अक्षरांना या घरात खिळेच म्हणत, आणि चाळीस वर्षं ते जुळवून जुळवून आत्याच्या बोटांची टोकं बधिर झाली होती. डॉक्टर म्हणाले होते, आता शिसं सोडा. ती म्हणाली होती, शिशाने मला सोडलं तर सोडीन.

"जाड म्हणजे बादली, बारीक म्हणजे छत्री," दादा म्हणाले. "नीट लक्षात ठेवा. टाकून झाल्यावर विचारायला येऊ नका."

बादली म्हणजे धाकटी सून, ते तिचं निवडणुकीचं चिन्ह. ती आरोग्य केंद्रात नर्स होती. गाव तिला नर्सबाई म्हणायचं आणि हळूहळू घरही तेच म्हणू लागलं होतं. नगरपालिकेला आपल्या प्रभागातून ती यंदा कुठल्याही पक्षाशिवाय उभी होती. छत्री म्हणजे मास्तर. दादांचे शाळेपासूनचे मित्र, रोज संध्याकाळी प्रेसच्या बाकावर बुद्धिबळाचा पट मांडणारे, आणि पाच वेळा निवडणूक लढवून पाचही वेळा पडलेले. वय चौऱ्याहत्तर. यंदाची सहावी खेप, आणि ते स्वतःच म्हणत, "एकदा शेवटचं पडून घेतो, म्हणजे सुटलो."

त्या गावात मत माणसाचं नसायचं, घराचं असायचं. आणि घराचंही कुठलं, आळीचं असायचं. विणकरांची गल्ली डोळे मिटून एका बाजूला. खालची आळी, जिथे नळाला दिवसाआड करंगळीएवढी धार यायची, ती लाकडाच्या वखारवाल्याच्या बाजूला, कारण निम्म्या आळीची चूल वखारीच्या मजुरीवर पेटायची. बस स्टँडवरचे दुकानदार दुपारपर्यंत कुठेच नसत. जेवून, वारा कुठला ते बघून, चारच्या सुमाराला ते निवडून येणाऱ्याचे जुने कार्यकर्ते होत. आणि प्रेसची आळी प्रेसकडे बघायची. मतदानाच्या सकाळी हे कुटुंब एका रांगेत बाहेर पडे, दादा पुढे, आत्या शेवटी. कोपऱ्यावर उमेदवारांची टेबलं मांडलेली असत. ज्या टेबलावरून दादा मतदार यादीतल्या नंबराची चिठ्ठी घेत, त्याच टेबलाशी मागून चाळीस घरं येत.

गेल्या पाच निवडणुका दादांनी चिठ्ठी वखारवाल्याच्या टेबलावरून घेतली होती. मास्तरांच्या टेबलासमोरून, मान ताठ ठेवून, पुढे जाऊन. गाव म्हणायचं, प्रेसवाल्याचे दोन्ही डगरींवर हात. संध्याकाळी मास्तरांशी डाव आणि सकाळी वखारवाल्याला मत. दादा ऐकून घेत. मास्तरही ऐकून घेत आणि संध्याकाळी पट घेऊन येत.

यंदा वखारवाला थकून घरी बसला होता. खालची आळी पोरकी होती, प्रेसच्या आळीला घरचीच उमेदवार मिळाली होती, आणि थोरल्याच्या हिशेबाने नर्सबाई आजच निवडून आल्यात जमा होती.

"मी आळीत सांगून ठेवलंय," थोरला चहाचा कप घेत म्हणाला. "चाळीस घरं, दोनशे दहा मतं. सगळी बादलीत. मास्तरांना म्हणावं छत्री उघडून सावलीत बसा."

"आधीच सांगून ठेवलंस?" आत्या म्हणाली. "अजून डब्यात खिळा पडला नाही आणि हा आळी वाटून मोकळा."

"आत्या, घरची सून उभी आहे. डबा काय वेगळं सांगणार? एकच भीती आहे." थोरल्याने आवाज उतरवला, पण इतका नाही की दादांना ऐकू जाऊ नये. "बाबांनी मित्रासाठी ऐन वेळी काही ठरवलं तर. या घरात शेवटी त्यांचंच चालतं."

मशीनच्या रुळावरची शाई दादा चिंधीने पुसत राहिले, आणि त्यांच्या अंगठ्याच्या रेषांत मुरलेली शाई, नेहमीप्रमाणे, चिंधीला दाद देत नव्हती. मतदान केंद्रावरचे लोक थट्टा करत, प्रेसवाल्याच्या बोटाला खूण कशाला करता, तो घरूनच करून आलाय.

डब्याचा नियम त्यांच्या वडिलांनी घातलेला. त्याही आधी एका निवडणुकीवरून वडील आणि काका इतके भांडले की प्रेस वाटून घेतली. मशीन वडिलांकडे आलं, खिळे काकांकडे गेले. तीन वर्षं एकाकडे दाबायला यंत्र होतं पण अक्षर नव्हतं, दुसऱ्याकडे अक्षरं होती पण दाबणार कशाने. दोघे उपाशी राहिले आणि गाव हसलं. समेट झाला त्या दिवशी वडिलांनी शाईचा रिकामा डबा मध्ये ठेवला आणि सांगितलं, यापुढे जे काय भांडायचं ते या डब्यात. प्रत्येकाला एक जाड, एक बारीक खिळा. त्यांतला एक मुठीत झाकून डब्यात टाकायचा, उरलेला रॉकेलच्या गढूळ वाटीत सोडायचा. आत्या मोजेल. किती आणि कोणाचे ते सांगायचं नाही. फक्त जाड की बारीक. जे निघेल ते सगळ्यांचं, आणि दारातून बाहेर पडताना घर एक.

आत्या तेव्हा पोरसवदा होती. तेव्हापासून मोजणं तिच्याकडेच. डब्यात हात घालून, न बघता, नुसत्या बोटांनी. निदान घरचे तसं समजत. खरं म्हणजे, डबा बाजूला नेऊन खिळे परत खणात टाकताना तिला ते दिसत, आणि त्यांतल्या एकावर काळा अंगठा उठलेला असे. धुतलेल्या स्वच्छ खिळ्यावर असा ठसा घरात एकाच माणसाचा उठू शकत होता. पाच निवडणुका तो ठसा बारीक खिळ्यावर होता. पाचही वेळा डब्यात जाड जास्त निघाले होते. पाचही वेळा दादा मोठ्याने म्हणाले होते, "ठरलं! घराचं मत वखारवाल्याला. मागून कुरकुर चालणार नाही." आणि ऐकणाऱ्यांना वाटलं होतं की म्हातारा जिंकल्याच्या आनंदात गरजतोय.

ही गोष्ट तिने वहिनींना, दादांच्या बायकोलाही, सांगितली नव्हती. वहिनी दोन वर्षांपूर्वी गेल्या, तेव्हा तर सांगायला कोणी उरलंच नाही.

कालच मास्तर आले होते. एरवी ते सरळ बाकावर येऊन बसत, पण मत मागायला आले की काउंटरच्या बाहेर उभे राहत, गिऱ्हाइकासारखे. घरातल्या प्रत्येकाला वेगळं बोलावून, प्रत्येकाला अहो-जाहो करून, एकेक मत मागत. थोरल्याच्या मुलीलाही, जिचं हे पहिलंच मत. "बाई, तुमचं पहिलं मत आहे. विचार करून द्या. मला दिलंत तर उपकार, नाही दिलंत तरी तुमच्या पाढ्यांतल्या चुका मी विसरलेलो नाही." पोरगी लाजून हसली. आत्याकडेही मागितलं. आणि सगळ्यांत शेवटी दादांकडे.

"प्रेसवाले, तुमचं मत मागायला आलोय."

"विचार करतो," दादा म्हणाले.

पाचही वेळा ते हेच म्हणाले होते. मग मास्तर काउंटरला वळसा घालून आत आले, बाकावर बसले, आणि पहिल्या दहा खेळ्यांतच दादांचा वजीर खाल्ला.

मास्तरांचं पत्रक याच मशीनवर निघालं होतं आणि नर्सबाईंचंही. दोन्ही दादांनी स्वतः छापली. नर्सबाईंच्या पत्रकातली बादली ठशात थोडी पुसट येत होती, तर तिच्याखाली कागदाची पट्टी लावून त्यांनी ती उठवली, आणि तीनशे पत्रकं फेकून पुन्हा काढली. आत्याला आपल्या भावाचा अभिमान वाटायचे बरेच प्रसंग आले होते. त्यांतले बहुतेक कोणाला सांगण्यासारखे नव्हते.

"चला," दादा म्हणाले.

सात जण डब्याभोवती उभे राहिले. दादा, आत्या, थोरला आणि त्याची बायको, धाकटा आणि नर्सबाई, आणि नात, जी पहिल्यांदाच या वर्तुळात आली होती आणि मुठी इतक्या घट्ट आवळून होती की बोटं पांढरी पडली होती. एकेकाने खिळा टाकला. टण. टण. दादांनी सगळ्यांत शेवटी टाकला आणि ते मशीनला टेकून उभे राहिले.

आत्याने डब्यात हात घातला. बोटं फिरवली. पुन्हा फिरवली. हाताला काहीतरी लागत होतं, पण जाड की बारीक ते कळत नव्हतं. तिने दुसऱ्या हाताने पाहिलं. तेच. शिशाने तिला सोडलं होतं, आणि नेमका आजचा मुहूर्त काढला होता.

"काय झालं गं छोटी?" दादा म्हणाले. अडुसष्टाव्या वर्षी तिला छोटी म्हणणारा तो एकच माणूस उरला होता.

"बोटांना कळेना," ती म्हणाली, आणि वर्षानुवर्षांच्या सवयीत जी चूक कधी केली नव्हती ती केली. समोर कोऱ्या कागदाचा ताव होता. त्यावर तिने डबा उपडा केला.

सात खिळे पांढऱ्याशुभ्र कागदावर पडले. सहा जाड. एक बारीक. बारीक खिळ्यावर आणि त्याच्या शेजारी कागदावरही काळी शाई लागली होती. रोज शाईत वावरणाऱ्या त्या घरात तो डाग कोणाचा हे कोणाला विचारावं लागलं नाही.

पहिला बोलला थोरला. "बाबा! घरच्या सुनेच्या विरोधात?"

"मत गुप्त असतं, गाढवा."

"आळीला काय तोंड दाखवू? प्रेसवाल्याचाच स्वतःच्या सुनेवर भरवसा नाही म्हणतील."

"आळीला कशाला कळेल? सहा जाड निघाले ना? ठरलं! घराची सातही मतं बादलीला. मी पुढे चालेन, तिच्या टेबलावरून चिठ्ठी घेईन. संपलं." दादांचा आवाज पाच वेळा चढला होता तसाच चढला. मग त्यांनी चिंधी उचलली आणि जो रूळ केव्हाच स्वच्छ झाला होता तो पुन्हा पुसू लागले.

धाकटा बायकोकडे बघत होता. तिचा चेहरा उतरला होता. सासऱ्याने आपल्याला मत दिलं नाही हे कळल्यावर कोणाचाही उतरेल. थोरली सून हळूच म्हणाली, "मित्र तो मित्रच शेवटी," आणि त्या वाक्यात टोमणा होता की समजूत हे तिचं तिलाच ठाऊक. थोरला मात्र थांबेना.

"म्हणजे इतकी वर्षं मास्तरांना पाडत आलात, आणि आता घरची बाई उभी राहिली तेव्हा मैत्री आठवली?"

हे ऐकल्यावर आत्याला राहवलं नाही.

"पुरे!" ती म्हणाली. "इतकी वर्षं मास्तरांना कोणी पाडलं ते ऐकायचंय? मी पाडलं. वखारवाल्याची पावतीपुस्तकं आपल्याकडे छापायला यायची, पाण्यात राहून माशाशी वैर नको म्हणून पाचही वेळा मी जाड खिळा टाकला. तूही टाकलाच असशील. आणखी कोणी कोणी टाकले. ज्याने एकदाही टाकला नाही, तो हा. पाच वेळा. पाचही वेळा त्याचा खिळा बारीक, आणि पाचही वेळा तो हरला. या घरात त्याचं चालतं म्हणतोस? आपल्या बापाच्या एका शब्दासाठी पंचवीस वर्षं हा माणूस मित्राच्या टेबलासमोरून मान ताठ ठेवून गेलाय. दोन्ही डगरींवर हात म्हणून गावाच्या शिव्या खाल्ल्या. एका शब्दाने कधी म्हणाला नाही की हे माझं मत नाही."

थोरला तोंडात मारल्यासारखा कागदाच्या गठ्ठ्यावर बसला.

"छोटी, मोजणाऱ्याने बोलायचं नसतं," दादा म्हणाले. रागाने नाही. थकून.

"माहीत आहे. आजपासून मोजणं सोडलं मी. बोटंही गेली आणि तोंडही गेलं."

नर्सबाई कागदावरच्या त्या बारीक खिळ्याकडे बघत होती. "मागच्या वेळी मी पण बारीकच टाकला होता," ती म्हणाली. "वखारवाल्याला मत द्यावं लागलं म्हणून महिनाभर बाबांशी बोलले नव्हते. मला वाटलं त्यांनीच…" ती थांबली. "आम्ही दोघं एकाच बाजूला होतो. आणि मी त्यांच्यावरच रुसले होते."

"एक महिना सहा दिवस," दादा म्हणाले. "चहासुद्धा नातीच्या हातून पाठवायचीस."

नर्सबाईने खिळा उचलला, साडीच्या पदराला पुसला आणि टेबलावर ठेवला. आत्याने तिला लग्न होऊन आल्यापासून पाहिलं होतं. पेशंटला सुई टोचण्याआधी ती अशीच एक क्षण गप्प होते.

"मला सात मतं नकोत," ती म्हणाली.

"काय?" थोरला उठलाच.

"भाऊजी, ऐका. खालच्या आळीत मी घरोघर फिरते आहे. प्रत्येक दारात बाई मला काय सांगते? 'नर्सबाई, तुम्हालाच द्यायचं मनात आहे, पण ह्यांना विचारून सांगते.' मी तिला सांगते, अगं, मत तुझं आहे. आणि माझ्या स्वतःच्या घरात सत्तर वर्षांच्या पुढच्या माणसाला मी म्हणू, या माझ्यामागून रांगेत? मला नाही जमायचं. ज्याला जिथे द्यायचं तिथे द्या."

"आळी फुटेल!" थोरला म्हणाला. "आपण फुटलो की दोनशे दहा मतांच्या दोनशे दहा वाटा. हरशील."

"हरेन मग."

"अजिबात नाही," दादा गरजले. आता मात्र खरंच रागाने. "हा डबा माझ्या बापाने ठेवलाय. मशीन एकीकडे आणि खिळे एकीकडे गेले होते, तीन वर्षं मी उपाशी झोपलोय, तुम्हाला काय माहीत! उद्या ह्याचं मत इकडे, त्याचं तिकडे, परवा भांडण, तेरवा वाटणी. डब्याने ठरवलेलं डब्याशिवाय मोडत नाही."

"मग डब्यातच टाकू या ना," नात म्हणाली. सगळे तिच्याकडे वळले. ती जरा बिचकली, पण मागे हटली नाही. "आजोबा, तुमचाच नियम. जाड म्हणजे सगळे एक. बारीक म्हणजे ज्याचं त्याचं."

दादांनी नातीकडे, मग डब्याकडे पाहिलं. नियमाच्या माणसाला नियमात पकडलं की त्याला जागा उरत नाही.

"धू गं खिळे," ते आत्याला म्हणाले.

आत्याने ते धुतले. पुन्हा सात जणांनी मुठी झाकून टाकले. या वेळी लपवण्यासारखं काही उरलं नव्हतं. तिने डबा सरळ नव्या कागदावर पालथा केला.

सहा बारीक. एक जाड. जाडावर काळा अंगठा.

नात आधी फसकन हसली, मग धाकटा, मग थोरली सूनही, डोळ्यांना पदर लावून. म्हाताऱ्याने सगळ्यांना एक ठेवायचा खिळा टाकला होता, म्हणजे सातवं मत आपल्या मनाविरुद्ध सुनेला द्यायची तयारी ठेवून. आणि नेहमीप्रमाणे हरला होता. हरला म्हणूनच आता त्याला मनासारखं मत द्यावं लागणार होतं. आत्याला हसू आलं आणि त्याच्या मागोमाग रडूही आलं, आणि तिने दोन्ही येऊ दिलं.

"हसता काय?" दादा म्हणाले. कागदाकडे आणखी एकदा बघून त्यांनी घसा खाकरला. "ठरलं! ज्याचं त्याचं. मागून कुरकुर चालणार नाही."

मतदानाच्या दिवशी सकाळी सातला आत्या अंगणात आली तर दादा नळाखाली बसलेले. शेजारी रॉकेल, साबण आणि वहिनींची भांडी घासायची जुनी काथ्याची घासणी. अर्धा तास ते अंगठा आणि बोटं घासत होते. बोटं लाल झाली होती.

"लग्नाला निघालास?" तिने विचारलं.

"पन्नास वर्षांत बोटावर मतदानाची खूण कधी दिसली नाही माझ्या," दादा म्हणाले. "आज दिसली पाहिजे."

आळी दारात उभी होती. रांग निघालीच नाही. आधी थोरली सून लेकीला घेऊन गेली, मग धाकटा, मग एकटा थोरला, आणि मग दादा, धुतलेले हात पुढे धरून, एखादं ओलं पत्रक धरावं तसे. कोपऱ्यावर ते मास्तरांच्या टेबलाशी थांबले आणि म्हणाले, "माझी चिठ्ठी द्या." मास्तर उभे राहिले. चिठ्ठी शोधायला त्यांना फार वेळ लागला, आणि दादांनी घाई केली नाही.

शेजारीण धावत आत्याकडे आली. "आत्या, हे काय? मग आम्ही कुठून घ्यायच्या?"

"तुला मन आहे ना? त्याला विचार."

शेजारणीने विचारलं. तिने चिठ्ठी एका टेबलावरून घेतली, तिच्या नवऱ्याने दुसऱ्या, आणि दोघे एकमेकांकडे चोरासारखे बघत एकाच रस्त्याने केंद्रावर गेले. अकरा वाजता खालच्या आळीतल्या बायका आल्या. दरवेळी त्या नवऱ्यामागून येत. आज चौघी-पाचजणींचे घोळके करून आल्या. आत्याने स्वतः चिठ्ठी कुठून घेतली, ते ती अजूनही कोणाला सांगत नाही.

दोन दिवसांनी निकाल लागला. मास्तर निवडून आले. चौऱ्याहत्तराव्या वर्षी, सहाव्या खेपेला, अकरा मतांनी. खालच्या आळीने नर्सबाईंना भरभरून दिलं होतं, त्या आळीने वखारवाल्याखेरीज कोणाला दिल्याचं कोणाच्या आठवणीत नव्हतं. पण प्रेसची आळी दुभंगली, जवळजवळ निम्मी निम्मी. थोरल्याने पत्रकाच्या मागच्या बाजूला बेरीज करून दाखवली की आळी एकगठ्ठा आली असती तर नर्सबाई जवळजवळ दोनशे मतांनी आली असती. कोणी तो कागद बघितला नाही, तेव्हा त्यानेच तो चुरगळून टाकला.

संध्याकाळी मास्तर आले ते काउंटरच्या बाहेरच थांबले. "नर्सबाई, खालच्या आळीचा नळ तुम्हाला माहीत आहे, मला नाही. उद्या माझ्याबरोबर चला." ती हो म्हणाली. मग ते आत येऊन बाकावर बसले, पण पट मांडला नाही.

ते गेल्यावर नर्सबाई आत्याजवळ आली. आत्या तिच्या पत्रकाचा जुळवलेला मजकूर सोडून खिळे ज्याच्या त्याच्या खणात परत टाकत होती. बोटांना कळत नव्हतं म्हणून एकेक डोळ्यांजवळ नेऊन. सूनही मदतीला लागली. दादा मागे येऊन उभे राहिले.

"तुला नाही दिलं मी मत," ते म्हणाले.

"माहीत आहे, बाबा. अख्ख्या आळीने पाहिलं." ती हसली, पण डोळे खिळ्यांवरच होते. "वाईट वाटलं थोडं. खोटं कशाला बोलू? पण तुमच्या मनातलं एक मत मास्तरांना मिळालं, याचं वाईट नाही वाटलं."

दादांनी हात पुढे केला. अंगठा पुन्हा काळा झाला होता, मशीन चालू होऊन दोन दिवस झाले होते. पण तर्जनीवरची खूण अजून वेगळी ओळखू येत होती. तिने ती बघितली.

"एक विचारू?" ती म्हणाली. "मी पत्रक तुमच्याकडून छापून घेतलं. माझ्यासाठी तीनशे पत्रकं तुम्ही फुकट घालवलीत. मग मत का नाही?"

दादा गोंधळले. हा प्रश्न इतका सरळ येईल असं त्यांना वाटलं नव्हतं. "तू मागितलंसच नाहीस," ते म्हणाले. "मास्तर साठ वर्षं रोज या बाकावर बसतो. पण दर खेपेला बाहेर उभा राहतो आणि मागतो. तू खालच्या आळीत एकूण एक दारात गेलीस. या दारात नाही आलीस. घरातला म्हातारा, जाणार कुठे, असं वाटलं असेल. तुलाच काय, सगळ्यांनाच वाटतं. पंचवीस वर्षांत मास्तर सोडून कोणी माझ्याकडे मत मागायला आलं नाही."

नर्सबाईच्या हातातला खिळा तसाच राहिला. आत्याने मान वर केली नाही. आपणही कधी विचारलं नव्हतं हे तिला त्याच क्षणी कळलं होतं.

मग सुनेने खिळा खणात टाकला, हात पुसले आणि ती बाहेर गेली. काउंटरला वळसा घालून पलीकडे, रस्त्याच्या बाजूला, गिऱ्हाइकं उभी राहतात तिथे जाऊन उभी राहिली. पाच वर्षं आधी.

"प्रेसवाले," ती म्हणाली. "पुढच्या वेळी मी परत उभी राहणार आहे. तुमचं मत मागायला आलेय."

दादांनी चिंधी खांद्यावर टाकली. तिच्याकडे पाहिलं, आत्याकडे पाहिलं, मग पुन्हा तिच्याकडे.

"विचार करतो," ते म्हणाले.